गायिकेला आई म्हणणारी मुलं



या व्यासपीठावर संतसाहित्यापासून पाटपाण्यापर्यंत अनेक विषय झाले. आज मी अमेरिकेतल्या एका पॉप गायिकेवर बोलणार आहे. विषय कळवल्यावर संयोजकांनी हरकतीचा एक शब्द काढला नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गाण्यात सोवळंओवळं मानत नसत असं त्यांच्याकडे शिकलेले सांगतात. त्याच आधारावर मी इथे उभी आहे.

गायिकेचं नाव लेडी गागा. तिची गाणी थोर की किरकोळ, हा वाद मी आज घालणार नाही. मला बोलायचं आहे ते ती आणि तिच्यावर जीव टाकणारी मुलं यांच्याबद्दल. कलावंतावर भक्ती करणारे लोक सगळीकडे असतात. त्या भक्तीने कलावंत संपतो, किंवा भक्त वाया जातात, किंवा दोघंही एकमेकांना कंटाळतात, असंच बहुतेकदा घडतं. इथे तसं घडलं नाही. का घडलं नाही, याचा शोध मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या घराघरांत आज एखादी मुलगी, एखादा मुलगा कानात हेडफोन घालून कुठल्यातरी दूरच्या माणसाशी असं नातं जोडून बसलेला आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

तिचं खरं नाव स्टेफनी जर्मनॉटा. जन्म २८ मार्च १९८६, न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचा. घर इटालियन वंशाचं, शाळा मुलींची, कॅथलिक वळणाची. दिसणं आणि वागणं चारचौघींसारखं नव्हतं म्हणून तिची टिंगल होई. एकदा मुलांनी तिला उचलून रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं, हे पुढे तिनेच सांगितलं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कलाशाळेत प्रवेश मिळाला, पण शिक्षण तिने अर्धवट सोडलं. २००६ मध्ये डेफ जॅम कंपनीने तिच्याशी करार केला आणि काही महिन्यांतच मोडला. मग लोअर ईस्ट साइडच्या छोट्या छोट्या बारमधून गाणं, नाचणं, स्वतःचे कपडे स्वतः शिवणं. २००८ मध्ये ‘द फेम’ हा संग्रह आला आणि जानेवारी २००९ मध्ये ‘जस्ट डान्स’ हे गाणं अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं.

रेडिओ केंद्रांनी तिला उचलून धरण्याआधी तिला समलिंगी तरुणांच्या क्लबांनी उचललं होतं. हे ती कधी विसरली नाही आणि हे ऋण तिने जाहीरपणे मान्य केलं. पुढे तिच्याभोवती जे जमले त्यात ही मुलं होती, आणि त्यांच्यासारखीच इतरही होती. वर्गात जाड म्हणून हिणवली जाणारी मुलगी. बायकी म्हणून मार खाणारा मुलगा. मधल्या सुट्टीत डबा एकटाच खाणारा कुणीतरी. अशा मुलांना तोवर कुणी नाव दिलं नव्हतं, टोपणनावं मात्र पुष्कळ दिली होती.

नाव तिने दिलं. २००९ मध्ये ‘द फेम मॉन्स्टर’ची गाणी घडत होती. त्यातलं एकेक गाणं तिच्या एकेका भीतीवर होतं, आणि त्या भीतींना ती राक्षस म्हणत होती. त्याच सुमाराला ती आपल्या चाहत्यांना ‘लिटल मॉन्स्टर्स’ म्हणू लागली, आणि ते तिला ‘मदर मॉन्स्टर’. बोटं वाकवून हात उंचावायचा, पंजा उगारल्यासारखा, ही त्यांची ओळखीची खूण ठरली. ‘मॉन्स्टर बॉल’ हा तिचा दौरा नोव्हेंबर २००९ ते मे २०११ असा चालला आणि दोनशेच्या वर प्रयोग झाले. त्या सभागृहांत गेलेल्यांना बाहेर जे लपवावं लागे ते आत मिरवता येई. तिने स्वतःच्या हातावर ‘लिटल मॉन्स्टर्स’ हे शब्द गोंदवून घेतले. लॉस एंजेलिसमध्ये सहीसाठी रात्रभर रांगेत बसलेल्या मुलांना तिने पिझ्झा पाठवले. दौऱ्याची सजावट तिने इतकी वाढवली की एका टप्प्यावर तिच्या डोक्यावर तीस लाख डॉलरचं कर्ज झालं होतं. हेही तिने पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

इथे थोडं थांबते. आपल्याकडे नट रंगमंचावरून प्रेक्षकांना मायबाप म्हणत आला. पोसणारे तुम्ही, लेकरू मी, असा तो करार. लेकराला चुकायचा, रुसायचा, दमायचा हक्क असतो. गागाच्या बाबतीत हे सगळं फिरलं. पोसणारे प्रेक्षकच होते, तिकिटं तेच काढत होते, पण आईची जागा तिची होती. आईला दमायची सोय नसते. आणि ही आई तेव्हा पुरती चोवीस वर्षांची नव्हती. पुढे जे जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

पण आधी या नात्याने काय कमावलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. ऑगस्ट २०१० मध्ये ट्विटरवर सर्वांत जास्त अनुयायी तिचे झाले, मे २०११ मध्ये एक कोटीचा आकडा गाठणारी ती जगातली पहिली व्यक्ती ठरली. हा जमाव तिने नुसता गाणी विकायला वापरला नाही. अमेरिकी सैन्यात तेव्हा नियम होता की समलिंगी सैनिकाने आपली ओळख लपवून नोकरी करावी, उघड झाली तर घरी जावं. सप्टेंबर २०१० मध्ये तिने चाहत्यांना सांगितलं की आपापल्या सिनेटरला फोन करा. फोन कसा करायचा हे तिने एका चित्रफितीत स्वतः करून दाखवलं. २० सप्टेंबरला मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी जाऊन सभा घेतली, कारण त्या राज्याच्या दोन सिनेटरांची मतं निर्णायक ठरणार होती. दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये विषय अडला. डिसेंबरात मात्र नियम रद्द करणारा कायदा झाला. त्याचं श्रेय तिला देणं चूक ठरेल. त्यामागे सैनिकांचा आणि कार्यकर्त्यांचा अनेक वर्षांचा लढा होता. पण सिनेटर म्हणजे कोण हे ज्यांना ठाऊक नव्हतं अशा किती मुलांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात फोन लावला असेल, याचा विचार केला की मला ती गायिका मोठी वाटते.

मे २०११ मध्ये ‘बॉर्न धिस वे’ हा संग्रह आला. पहिल्या आठवड्यात एकट्या अमेरिकेत अकरा लाखांहून जास्त प्रती गेल्या. त्यातला काही भाग ॲमेझॉनने ९९ सेंटला विकला म्हणून टीका झाली. पण किंमत बाजूला ठेवा. जसे जन्मलात तसे ठीक आहात, हे सांगणारं गाणं त्या मुलांच्या हाती आलं आणि त्यांनी ते शब्दशः घेतलं.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिच्या एका चौदा वर्षांच्या चाहत्याने शाळेतल्या छळाला कंटाळून जीव दिला. जाण्यापूर्वी त्याने जे थोडं लिहिलं त्यात तिचे आभार मानले होते.

मंडळी, या जागी कुठल्याही माणसाचं काय होईल? तुमच्या गाण्याने एक मूल काही दिवस तगलं, आणि मग तगलं नाही. त्याला जगवण्याची जबाबदारी तुमची होती का? नव्हती. पण तुम्ही स्वतःला आई म्हणवलेलं आहे. तिने लास वेगासच्या कार्यक्रमात त्या मुलासाठी गाणं म्हटलं. काही दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्यासाठी झालेल्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात हा विषय त्यांच्यापुढे मांडला. डिसेंबरात व्हाइट हाउसमध्ये जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलली. आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला हार्वर्ड विद्यापीठात, स्वतःची आई सिंथिया जर्मनॉटा हिच्याबरोबर, ‘बॉर्न धिस वे फाउंडेशन’ सुरू केलं.

मला या संस्थेच्या स्थापनेत नुसतं दान दिसत नाही. एका माणसाने लाखो मुलांची आई होणं शक्य नाही, हे तिला त्या मृत्यूने शिकवलं असावं, असं मला वाटतं. गाणं धीर देतं, पण रात्री दोन वाजता फोन उचलत नाही. फोन उचलणारं माणूस त्या मुलाच्या गावात, त्याच्या गल्लीत हवं. संस्थेचं काम हळूहळू त्याच दिशेने गेलं. आज तिथे ‘बी देअर’ नावाचा एक अभ्यासक्रम आहे. मित्र खचला आहे हे कसं ओळखायचं, त्याच्याशी काय बोलायचं, काय बोलायचं नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेर गेलं की कुणाला बोलवायचं, हे त्यात शिकवतात. गायिकेवर प्रेम करणाऱ्या मुलाला इथे शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे पाहायला सांगितलं जातं.

पण हे पुढचं झालं. त्याआधी तिला स्वतःला मोडावं लागलं.

२०१२ मध्ये ‘बॉर्न धिस वे बॉल’ हा दौरा सुरू झाला. सोलमध्ये अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद केला गेला. जकार्तात कट्टर गटांनी धमक्या दिल्या आणि पन्नास हजारांहून जास्त तिकिटं विकली गेलेली असताना, लोकांच्या जिवाला धोका नको म्हणून, कार्यक्रम रद्द करावा लागला. तरी दौरा पुढे चालत राहिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये एकाएकी बातमी आली की तिच्या उजव्या खुब्याची कूर्चा फाटली आहे, शस्त्रक्रिया करावी लागणार आहे आणि उरलेले सगळे प्रयोग रद्द झाले आहेत. तेव्हा तिने चाहत्यांना लिहिलं की हे दुखणं ती बरेच दिवस लपवत होती, आपल्याच माणसांपासूनसुद्धा. मुलांची निराशा होऊ नये म्हणून.

आपल्या रंगभूमीला ही गोष्ट परकी नाही. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली, आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले. शंभरहून जास्त वर्षं आपण ही आठवण आदराने सांगत आलो. तो आदर खरा आहे, त्यांची निष्ठाही खरी आहे. पण ती ऐकताना मला आता वेगळंच वाटतं. त्या रात्री प्रेक्षकांना कुणी सांगितलं असतं आणि पडदा पडला असता, तर त्या प्रेक्षकांनी काय केलं असतं? मला खात्री आहे, ते उठून मुकाट्याने घरी गेले असते, डोळे पुसत. मग त्यांना ही संधी का दिली गेली नाही? रसिकाचं प्रेम इतकं हलकं आहे की एक प्रयोग बुडाला तर ते संपेल, असं आपण का धरून चालतो? कलावंताने दुखणं लपवणं हे आपण मोठेपणाचं लक्षण मानतो, आणि तसं मानून प्रेक्षकालाच लहान करतो. गागाने तेच केलं. आपल्या मुलांना तिने आपलं दुखणं पेलण्याइतकं मोठं मानलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं अवघड गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘आर्टपॉप’ आला. आधीच्या संग्रहाच्या मानाने तो पडलाच. त्याच महिन्यात तिचा व्यवस्थापक ट्रॉय कार्टर तिच्यापासून वेगळा झाला. हे दोघे मिळून चाहत्यांसाठी एक स्वतंत्र समाजमाध्यम उभं करत होते, त्यात सिलिकॉन व्हॅलीचा पैसा होता. एवढी माणसं एका गायिकेसाठी जमतात, तर त्यांच्या जमण्यालाच धंदा का करू नये, असा तो विचार. तो फार टिकला नाही. जिव्हाळ्यावर थेट बाजारभाव लावला की जिव्हाळा आटतो, असं माझं मत आहे, आणि ते फक्त तिच्याबद्दल नाही. व्हीआयपी तिकिटं, भेटीची तिकिटं, एकाच संग्रहाच्या चार आवृत्त्या, हे सगळं आज जगभर चालतं आणि ते तरुण पोरांच्या प्रेमाची वसुली असते.

२०१४ मध्ये तिने टोनी बेनेट यांच्याबरोबर जुनी जॅझ गाणी गायली. बेनेट तेव्हा अठ्ठ्याऐंशीचे. तो संग्रह अमेरिकेत पहिला आला. समीक्षक खूश झाले. जुन्या चाहत्यांतले काही मात्र बिथरले. आमची नाचणारी गागा कुठे गेली, असा त्यांचा सूर. तिने ऐकून घेतलं आणि तरी गायली. २०१६ चा ‘जोआन’ हा संग्रह तर तिने अकाली गेलेल्या आत्याच्या नावाने काढला. आईला तिचं स्वतःचं माहेर असतं, हे मुलांना उशिराच कळतं.

चाहत्यांच्या प्रेमाची काळी बाजूही सांगायला हवी. २०१७ मध्ये एड शीरन हा ब्रिटिश गायक ट्विटर सोडून निघाला. आपण गागाबद्दल वाईट बोललो असा समज करून घेऊन तिचे चाहते आपल्यावर तुटून पडले, असं त्याने सांगितलं. जुलैमध्ये गागाने त्याचा फोटो टाकून त्याची बाजू घेतली आणि समाजमाध्यमांवर माणुसकीने वागा, असं आपल्याच लोकांना सुनावलं. पुढच्या वर्षी तिचा ‘अ स्टार इज बॉर्न’ हा चित्रपट ऑक्टोबरात ‘व्हेनम’ या दुसऱ्या चित्रपटासमोर लागला. काही चाहत्यांनी खोट्या नावांनी, आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो असं भासवत, ‘व्हेनम’ला शिव्या घालणारे अभिप्राय पसरवले. ज्या मुलांनी शाळेत टोळीचा मार खाल्ला होता त्यांचीच टोळी झाली होती. मला ही गोष्ट फार दुःखाची वाटते. छळ सोसल्याने माणूस आपोआप दयाळू होत नाही.

तिच्याकडूनही एक मोठी चूक झाली होती. २०१३ मध्ये तिने आर. केली या गायकाबरोबर गाणं केलं, त्याच्यावर अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप तेव्हाही जाहीर होते. पुढे २०१६ च्या ऑस्कर सोहळ्यात अत्याचार सोसलेल्या सुमारे पन्नास तरुण-तरुणींना मंचावर घेऊन ती गायली. ती स्वतःही त्यांच्यातलीच एक होती, हे तिने २०१४ मध्ये सांगितलं होतं. तिच्या चाहत्यांतही अशा कितीतरी जणी असणार. त्यांनी त्या जुन्या गाण्याचं काय करायचं? जानेवारी २०१९ मध्ये केलीवरचा माहितीपट आल्यानंतर तिने जाहीर माफी मागितली आणि ते गाणं काढून टाकायला लावलं. पाच वर्षं उशीर झाला. तरी माफी नीट शब्दांत होती, त्यात कुणावर ढकलाढकल नव्हती.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन समाजशास्त्रज्ञांनी दुरून जडणाऱ्या अशा नात्यावर एक निबंध लिहिला होता. दूरचित्रवाणीवरचा निवेदक थेट आपल्याशी बोलतो असं पाहणाऱ्याला वाटतं, ओळख दाट होते, पण एकाच बाजूची, असं त्यांचं निरीक्षण. आज चाहत्यांबद्दल बोलताना त्यांचा हवाला हमखास देतात. गागाच्या बाबतीत तो मला अपुरा वाटतो, कारण तिच्या चाहत्यांची एकमेकांशी जी ओळख झाली ती दुहेरी होती, खरी होती. रांगेत भेटलेली माणसं एकमेकांच्या लग्नाला गेली, एकमेकांच्या आजारपणात धावली. मध्ये गायिका होती, पण कडेला.

आता ब्राझीलची गोष्ट. ती मला सगळ्यात जवळची वाटते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ती ब्राझीलमध्ये गायली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये रिओच्या मोठ्या महोत्सवात पुन्हा गाणार होती. आदल्या दिवशी तिने कळवलं की ती रुग्णालयात आहे आणि येऊ शकत नाही. त्याच दिवसांत तिने फायब्रोमायाल्जिया या आजाराचं नाव जाहीरपणे घेतलं. या आजारात सगळं अंग सतत दुखतं, तपासण्यांत मात्र काही दिसत नाही. त्यामुळे रुग्णावर, विशेषतः बाईवर, कुणी विश्वास ठेवत नाही. नेटफ्लिक्सवर तिच्यावरचा माहितीपट आला, त्यात वेदनेने कळवळणारी, रडणारी, वैतागलेली गागा सगळ्यांनी पाहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपातले शेवटचे दहा कार्यक्रम तिने रद्द केले. या वेळी लपवालपवी नव्हती.

चाहते चिडले का? काही चिडले असतील. पण मोठी गोष्ट अशी घडली की तिच्यासारखं दुखणं असणारे लोक, अनेकजणी तर पंचेचाळिशी-पन्नाशीच्या, ज्यांनी तिचं गाणंही धड ऐकलं नव्हतं, त्यांना आपल्या दुखण्याचं नाव उघड सांगायला बळ मिळालं. आणि तिची मुलं आईच्या आजारपणाला सरावली.

१७ ऑक्टोबर २०१९ ला लास वेगासमध्ये तिने एका चाहत्याला मंचावर बोलावलं. त्याने आनंदाच्या भरात तिला उचललं, तोल गेला, आणि दोघंही मंचावरून खाली पडले. खुब्याची शस्त्रक्रिया झालेली, आजार अंगात असलेली बाई. उठल्यावर तिने आधी त्यालाच समजावलं. तो हादरला होता. तिने त्याला स्वतःला माफ कर म्हणून सांगितलं, आणि मंचावर परत चढायला पायऱ्या नाहीत एवढीच तक्रार केली. 

दरम्यान चाहतेही नुसते घेणारे उरले नाहीत. पडलेल्या ‘आर्टपॉप’साठी त्यांनी २०२१ मध्ये मोहीम चालवली आणि आठ वर्षांपूर्वीचा तो संग्रह अनेक देशांच्या आयट्यून्स यादीत पुन्हा वर नेला. तिने लिहून आभार मानले, कारण त्या काळात ती किती खचली होती हे तिलाच ठाऊक होतं. २०२२ च्या अखेरीला ‘वेन्सडे’ ही मालिका आली. त्यातल्या नायिकेच्या नाचाला कुणीतरी गागाचं २०११ चं ‘ब्लडी मेरी’ हे गाणं वेग वाढवून जोडलं, आणि जगभरच्या पोरांनी तसं नाचायला सुरुवात केली. मालिकेत ते गाणं नव्हतंच. गागाने मग स्वतः तो वेश करून तोच नाच केला. अकरा वर्षांपूर्वी तिने मुलांना नाच शिकवला होता, आता मुलांनी बसवलेल्या नाचात ती सामील झाली. तिच्यानंतरच्या पिढीतल्या चॅपेल रोन या गायिकेने २०२४ मध्ये चाहत्यांना ठणकावून सांगितलं की माझ्या मागे फिरू नका, मला हात लावू नका. तिचं म्हणणं रास्तच आहे. गागाने कुंपण घातलं ते हळूहळू, अनेक वर्षांत, आणि बरीच किंमत मोजून.

जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात ती गायली. नंतर हॉटेलबाहेर रात्रभर थांबलेल्या मुलांना तिने रस्त्यावरच आपली अजून प्रसिद्ध न झालेली गाणी ऐकवली. मार्च २०२५ मध्ये ‘मेहेम’ हा संग्रह आला. त्या वेळी तिची एक पत्रकार परिषद झाली, तिथे प्रश्न विचारले ते चाहत्यांनी. आणि ३ मे २०२५ ला ती रिओला गेली, कोपाकबानाच्या वाळूवर, फुकट कार्यक्रमासाठी. महापालिकेच्या अंदाजाप्रमाणे एकवीस लाख माणसं आली होती. आठ वर्षांपूर्वी न आलेल्या गायिकेसाठी. आजारी आहे म्हणाली तेव्हा त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि थांबले होते. त्या दिवशी स्फोट घडवण्याचा एक कट पोलिसांनी उधळला. कट करणाऱ्यांचं लक्ष्य तिचे हेच चाहते होते, त्यातही समलिंगी आणि पारलिंगी. गागाला हे दुसऱ्या दिवशी बातम्यांतून कळलं. पंजा उंचावणं ही आजही काही ठिकाणी जोखीम आहे, हे आपण लक्षात ठेवू.

३ सप्टेंबर २०२५. मायामीत ‘मेहेम’च्या दौऱ्यातला प्रयोग. लोक जमलेले, प्रयोगाला काही वेळ उरलेला. आवाजावर ताण आला होता, डॉक्टरांनी आणि आवाजाच्या शिक्षकाने गायला मनाई केली. तिने प्रयोग रद्द केला आणि कारण साध्या शब्दांत लिहिलं, की कायमची इजा होण्याचा धोका मी पत्करू इच्छित नाही. माफीही मागितली. २०१३ ची गागा त्या रात्री गायली असती. मला विचाराल तर तिच्या सगळ्या कारकिर्दीतली, चाहत्यांवरच्या प्रेमाची सर्वांत मोठी कृती मायामीतला तो न झालेला प्रयोग आहे. तिने त्यांना मोठ्या माणसांसारखं वागवलं, आणि ते तसे वागलेही.

भारतात ती एकदाच गायली, ऑक्टोबर २०११ मध्ये, ग्रेटर नोएडात, फॉर्म्युला वन शर्यतीनंतरच्या एका मेजवानीत. सामान्य चाहत्याला तिथे प्रवेश नव्हता. तरी पुण्यात, नागपुरात, मडगावात तिची मुलं आहेत. त्यांच्यातली काही आज विशी-तिशीत नोकरी करतात, काही अजून शाळेत आहेत.

इथे बसलेल्या आईवडिलांना आणि शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातलं मूल एखाद्या गायिकेसाठी, नटासाठी, कोरियातल्या एखाद्या गटासाठी वेडं झालं असेल, तर आधी त्याला हसू नका. त्यांच्यामुळे तुझी कुणाशी मैत्री झाली, एवढं विचारा. दोन-चार नावं आली तर निश्चिंत राहा, त्या मुलांना एकदा घरी जेवायला बोलवा. एकही नाव आलं नाही, तर त्या दिवशीची बाकीची कामं बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसून ते गाणं पूर्ण ऐका.